'कै.' हे अक्षर खोडून 'चि.' लिहून मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान प्रिन्सिपॉलसाहेब,
कृष्णाकाठ आर्ट्स अँड सायन्स कॉलेज,
विश्रामबाग, सांगली
यांचे सेवेशी.

अर्जदार : आकाराम बाबाजी बर्गे, वय वर्षे चौसष्ट, पेन्शनर हवालदार (खेचर तुकडी), राहणार मौजे टेकवाडी, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा.

विषय : अर्जदाराची नात कु. अंजना हिच्या प्रवेशाच्या कागदावर तिच्या वडिलांच्या नावामागे पडलेले 'कै.' हे अक्षर खोडून त्या जागी 'चि.' लिहून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीचे उघडे कार्ड, जावक नंबर ३१२, ता. ६ जुलै १९४४.

महोदय,

१) खाली जी हकिकत लिहिली आहे तिच्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे अर्जदार आधीच छातीठोकपणे सांगून ठेवतो. जिल्ह्यात अर्जदाराइतका अविश्वास कोणी कमावलेला नाही. अर्जदाराचे बोलणे शेरभर निघाले तर पावशेर घरी न्यावे, असा गावचा रिवाज आहे आणि अर्जदाराची त्यास कधीच हरकत नव्हती. मागल्या लढाईत बसऱ्याच्या वाळूत अर्जदाराने खेचराच्या सावलीत अकरा माणसे बसवली, हे चावडीवर सगळ्यांनी ऐकून घेतले व अकराची तीन करून घरी नेली. मात्र पुढील मजकूर पावशेरात बसवू नये, अशी पायावर डोके ठेवून विनंती आहे. यात एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

२) अर्जदाराचा मुलगा कृष्णात हा लामावर, म्हणजे लढाईवर, आहे. तो पलटणीत लान्सनाईक असून इटली देशी डोंगरावर खेचरांवरून दारूगोळा पोचवतो. त्याचे शेवटचे पत्र माघात आले. त्यात घरच्यांची खुशाली, धाकट्या बैलाची चौकशी आणि पुढील मजकूर होता. तो अर्जदारास पाठ आहे म्हणून लिहितो : "अंजीला फुडं शिकवा. हितं इस्पितळात बाया डाक्टर हायत. त्या आल्या की मोठमोठं अंमलदार जीभ दाखवून गप पडत्यात. आमच्या अंजीनं तसं झालं पायजे. लगीन घाई करू नका." सदर पत्र अस्सल, सोबत जोडले आहे. साहेबांनी वाचून ते परत पाठवण्याची मेहेरबानी करावी. त्यानंतर दुसरे आलेले नाही.

३) अंजना ही टेकवाडीतून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. सातारच्या शाळेत गणितात तिच्यापुढे फक्त दोन मुलगे होते व त्यांपैकी एक मास्तरांचा भाचा होता. ता. १९ जून रोजी अर्जदार तिला घेऊन कोरेगावास गाडीत बसला, मिरजेस गाडी बदलून विश्रामबागेस उतरला आणि आपल्या कॉलेजच्या व्हरांड्यात रांगेत उभा राहिला. बसऱ्याच्या तोफांपुढे जे झाले नाही ते तेथे झाले. अर्जदार नातीच्या आड लपला. सगळी मुले इंग्रजीत खोकत होती. इंग्रजी फॉर्म अंजनाने भरला. पालकाने भरावयाचा अर्धा ताव मराठीत होता, तो अर्जदाराच्या हाती आला आणि येथूनच घोटाळ्यास सुरुवात झाली.

४) रांगेत अर्जदाराच्या पुढे लालासाहेब नावाचे एक बागाईतदार गृहस्थ मुलाचा फॉर्म घेऊन उभे होते. त्यांनी विचारले, "पोरीचा बा काय करतो?" अर्जदार म्हणाला, "लामावर हाय." ते म्हणाले, "शिपाईगडी व्हय?" आणि पान थुंकले. सबब अर्जदाराचे पित्त खवळले व त्याने वडिलांच्या नावाच्या रकान्यात 'कॅ. कृष्णात आकाराम बर्गे' असे लिहिले. कॅ. म्हणजे कॅप्टन. लान्सनाईकाचा कप्तान होण्यास सरकारला दहा वर्षे लागली असती, ते काम अर्जदाराने एका टाकाने केले. ही थाप अर्जदार कबूल करतो. परंतु अर्जदाराचा हात मोडीवर बसलेला आहे. मोडीत या डोक्यावरच्या अर्ध्या चंद्राची सोय नाही. त्यात आपल्या व्हरांड्यातील टाकाचे नाक फाटलेले. काढला चंद्र आणि उमटल्या दोन मात्रा. कॅ.चा कै. झाला. कप्तान व्हायला गेलेला माणूस कैलासवासी झाला.

५) आपल्या कारकुनांचा यात काडीमात्र दोष नाही. त्यांनी जे दिसले ते वाचले. 'कै.' दिसल्याबरोबर त्यांनी कागद नेहमीच्या ढिगातून उचलला व लढाईत कामी आलेल्यांच्या मुलांसाठी ठेवलेल्या जागांच्या गठ्ठ्यात घातला. त्या गठ्ठ्यास तांबडी नाडी होती. अर्जदाराने ती पाहिली.

६) ता. ६ जुलैचे कार्ड गावात पोचले ते बाजाराच्या दिवशी. गावचा पोष्टमन नानासो याची अशी रीत आहे की, उघडे कार्ड म्हणजे गावाचे कार्ड. तो ते चावडीच्या पायरीवर उभा राहून वाचतो, मग घरी देतो. त्याने वाचले : "कै. कृष्णात आकाराम बर्गे यांची कन्या अंजना हिस राखीव जागेवर दाखल करून घेण्यात येत आहे. फी माफ. वसतिगृहात सोय होईल. वडिलांच्या मृत्यूबाबत पलटणीकडील कागद ता. ३१ ऑगस्टपूर्वी हजर करावा, अन्यथा जागा रद्द समजावी." नात कॉलेजात गेली, हे कोणाच्या कानात शिरलेच नाही. पहिल्या अक्षराशीच चावडी उठली.

७) त्या वेळी अर्जदाराची सून लीलाबाई, म्हणजे कृष्णातचे कुटुंब, माळावर भुईमूग भांगलत होती. ती हातात खुरपे घेऊन घरी आली तो सोप्यात बाया बसलेल्या. तिने विचारले, "कोन गेलं वं?" सगळ्यांनी पदर तोंडाशी धरले. भावकीतल्या साळूबाई ऐंशीच्या घरातल्या, गावातल्या सगळ्या विधवांच्या बांगड्या त्यांच्याच हाताने उतरलेल्या. त्या उठल्या व त्यांनी लीलाबाईचे मनगट धरले. म्हणाल्या, "बस गं बाई. आता रडून घे." कपाळाचे पुसण्यासाठी तांब्यात पाणी तयार होते.

अर्जदार मध्ये पडला. मोठ्याने ओरडला, "त्यो मेला न्हाई! कप्तान हाय! कागदावर चुकलंय!" महोदय, चौसष्ट वर्षांत अर्जदार जर कधी पोटाच्या देठापासून खरे बोलला असेल तर त्या दिवशी, 'त्यो मेला न्हाई' हे तीन शब्द. आणि गावाने काय करावे? साळूबाई म्हणाल्या, "आवं भावजी, आजच्या दिवशी तरी थापा मारू नगासा." एक बाई म्हणाली, "म्हातारं येडं झालं पोराच्या दुखात." आणि त्या सगळ्या अर्जदाराचीच कीव करून रडू लागल्या.

लीलाबाईने मनगट हिसडून सोडवले. खुरपे उगारून दहा बायांना उंबऱ्याबाहेर काढले व सांगितले, "माझ्या बांगड्यास्नी हात लावंल तिचा हात ऱ्हाणार न्हाई." (अर्जदाराची सवय अशी की, जे लिहायचे ते मोठ्याने उच्चारून लिहायचे. लीलाबाई या वेळी सोप्यात हुलगे निवडत ऐकत आहे. ती म्हणते, "दहा न्हाईत, चार." सबब वर दहाच्या जागी चार वाचावे.)

८) त्या दिवसापासून घराची जी दशा आहे ती कळवतो. भावकीने विचारले, दहावा कधी? अर्जदार म्हणाला, कशाचा दहावा? ते म्हणाले, देह मिळाला नाही तर दर्भाचा करतात, शास्त्रात आधार आहे. दुसऱ्या सकाळी न्हावी वस्तरा परजत अंगणात येऊन बसला. अर्जदाराने दोन्ही हातांनी मिशा धरून ठेवल्या व परड्यातून पळाला. हे हसण्यासारखे वाटेल. पळताना अर्जदार हसत नव्हता.

लीलाबाई कुंकू लावते, पण पाणवठ्यावर गेली की बाया त्या कुंकवाकडे पाहतात, आणि मग एकमेकींकडे. नागपंचमीस वारुळाला जाताना बाया हाका मारीत एकमेकींना घेऊन जातात. आमच्या दारावरून सगळा घोळका गेला. फेराची गाणी ऐकू आली. हाक आली नाही. लीलाबाई नटून उंबऱ्यात उभी होती. मग तिने लाह्यांचे ताट पदराखाली घेतले व एकटीच मागल्या दाराने वारुळाला जाऊन आली.

अंजना जायला तयार नव्हती. "बाच्या मड्यावर बसून मला शिकायचं न्हाई," असे तिने आईस सांगितले. आईने तिची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिला कोरेगावच्या स्टेशनावर नेले व गाडीत बसवताना बजावले, "बा मेला म्हनून जाऊ नगं. बा जिता हाय आन त्यानं सांगितलंय म्हनून जा." मुलगी सध्या आपल्या वसतिगृहात आहे. सहामाहीच्या आधीच तिने रसायनाच्या मास्तरांची एक चूक काढली, असे तिने लिहिले आहे. त्याबद्दल तिला क्षमा असावी.

९) आता अर्जदारास ज्या गोष्टीने ग्रासले आहे ती लिहितो. ती गावात कोणास सांगता येत नाही.

अर्जदाराच्या थापांना एक खोड आहे. त्या मागाहून खऱ्या होतात. बसऱ्यास असताना फेरी चुकवण्यासाठी अर्जदाराने साहेबास सांगितले की, माझ्या खेचराला साप चावला. फेरी चुकली. तिसऱ्या दिवशी त्याच खेचराला साप चावला व ते अर्जदाराच्या मांडीवर डोके ठेवून मेले. शिराळ्याच्या नागपंचमीस गेला असता अर्जदाराने लोकांत फुशारकी मारली की, येथला एक नाग मला ओळखतो. पुढच्या साली एक नाग मडके सोडून सरळ अर्जदाराच्या वहाणेवर येऊन बसला. अर्जदाराने हात जोडून, "महाराज, तुमची आमची वळख न्हाई," असे भर गर्दीत चारदा जाहीर केले, तेव्हा कोठे तो उठला. अर्जदार थाप मारतो आणि ती खरी करण्याचे काम दुसराच कोणी करतो. त्या दुसऱ्यास घाई नसते, पण तो विसरतही नाही.

हे अक्षर १९ जूनला पडले. तेव्हापासून अर्जदाराचे कान पोष्टमनच्या वहाणांकडे लागलेले आहेत. पूर्वी नानासो वळणावर दिसला की अर्जदार पत्रासाठी सामोरा जाई. आता तो दिसला की अर्जदार गोठ्यात शिरतो व दावणीची गाठ सोडून पुन्हा बांधतो. नानासो दारापुढून गेला की, आज नाही, असे म्हणून श्वास सोडतो. मग आठवते की, आज खुशालीचेही नाही.

साहेबांनी विचार करावा. ३१ तारखेच्या आत जो कागद आणला तर नातीची जागा टिकते, तोच कागद येऊ नये म्हणून अर्जदार जोतिबास नारळ बोलला आहे. आपले कार्ड म्हणते, कागद आणा. अर्जदार देवाला म्हणतो, आणू नको. दोघांकडे एकाच माणसाचे दोन अर्ज पडले आहेत आणि कोणता मंजूर होईल याची अर्जदारास भीती वाटते. परवा नानासोच्या पिशवीत एक लांबट सरकारी पाकीट दिसले. ते पाटलाचे होते. पण तोवर अर्जदार वाटेतच खाली बसला होता व त्यास दोघांनी उचलून कट्ट्यावर बसवावे लागले.

१०) सबब अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे.

सदर 'कै.' हे अक्षर खोडावे. चाकूने खरवडू नये, कारण खरवडल्याने कागद पातळ होतो व मागचे दिसते. शाईने एकच आडवी रेघ मारावी. रेघ मारणाऱ्या कारकुनाने हात टेकून, सावकाश, 'कै'पासून सुरू करून टिंबापाशी थांबावे. टिंबाला लागूनच 'कृष्णात'चा 'कृ' आहे. त्याला शाईचा धक्का लागता कामा नये. ते कारकून सकाळी चहा पिऊन हात न थरथरता बसतील अशा वेळी हे काम करावे.

खोडलेल्या जागेवर 'चि.' लिहावे. 'श्री.' नको, श्री कोणालाही लावतात. बापाने मुलाच्या नावामागे चि. लावायचे असते. तेवढे एक अक्षर तरी या कामी यावे.

त्याचा कागद तांबड्या नाडीच्या गठ्ठ्यातून आजच बाहेर काढावा. त्या गठ्ठ्यात बाकीचे सगळे खरोखर गेलेले आहेत. त्यांच्यात तो एकटा जिवंत आहे आणि त्याला तेथे जास्त दिवस ठेवणे बरे नाही.

तसे झाल्याचे कार्ड पाठवावे. पाकीट नको, उघडे कार्डच पाठवावे. अक्षर मोठे असावे. नानासोस चाळिशी लागली आहे आणि त्याने ते चावडीच्या त्याच पायरीवर, बाजाराच्याच दिवशी वाचावे अशी अर्जदाराची इच्छा आहे.

राखीव जागा यामुळे जाईल हे अर्जदारास समजते. मुलगी हुशार आहे. तिच्या गुणांवर साध्या रांगेतली एखादी जागा शिल्लक असेल तर तिचा विचार व्हावा. नसेल, तर ज्या मुलीचा बाप खरोखर पडला आहे तिला ही जागा द्यावी व आमच्या मुलीस परत पाठवावे, अर्जदार मिरजेपर्यंत घ्यायला येईल. ती डॉक्टरीण झाली नाही तर कृष्णात आल्यावर अर्जदारास जे बोलायचे ते बोलेल. त्याने येऊन बोलावे, एवढीच इच्छा आहे. अर्जदार खाली मान घालून ऐकून घेईल.

वर कलम चारमध्ये लिहिल्याप्रमाणे हा सगळा प्रकार हात मोडीवर बसल्यामुळे, टाक फाटका असल्यामुळे व कप्तानपणाच्या हावेमुळे घडला. त्यात अर्जदाराचा दुसरा कोणताही हेतू नव्हता, हे अर्जदार देवाशपथ

११) देवाशपथ हा शब्द मोठ्याने उच्चारला असता सून लीलाबाई हिने सूप खाली ठेवले व ती अर्जदाराच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. ती जे बोलली ते तिच्याच सांगण्यावरून जसेच्या तसे लिहीत आहे :

"आवं मामंजी, शपथ नगा घेऊ. कप्तान लिवला आसता तर तुमी मिशीला पीळ देत भाईर आला आसता आन मिरजेपतोर सगळ्या गाडीला सांगत आला आसता. अंजी म्हनली, आबा फारम देऊन भाईर आलं ते लिंबाच्या बुडाला बसलं, उपरन्यात त्वांड घालून रडलं, दोन गाड्या गेल्या तरी उठनात. तिला वाटलं, तुमाला पोरगी लांब ऱ्हाणार म्हनून वाईट वाटतंय. कप्तानाचा बा असा रडतो व्हय? 'मेलेल्याच्या पोरीला जागा हाय' हे तितं कुनीतरी म्हनलं आसंल आन तुमी जानून लिवलं. लिवा हे बी सायबाला. लिवा, मग खोडत्याल ते."

आपला नम्र,
आकाराम बाबाजी बर्गे
(सही दस्तुरखुद्द)

निशाणी डावा अंगठा : लीलाबाई भ्रतार चि. कृष्णात बर्गे

मुक्काम टेकवाडी, ता. १८ ऑगस्ट १९४४